बिडाचा तवा मुरवताना: निवडीपासून गंज काढण्यापर्यंत

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात ज्वारीची भाकर आई थापते आणि तव्यांची, कढयांची निगा माझ्याकडे असते. ही वाटणी झाली एका तडकलेल्या तव्यामुळे. आजीच्या वेळचा बिडाचा तवा मी गॅसवरून उतरवला आणि घाईघाईत तसाच नळाखाली धरला. जानेवारीची सकाळ होती, पाणी बर्फासारखं. 'टण्ण' आवाज झाला आणि काठापासून मध्यापर्यंत केसाएवढी भेग गेली. आई काही बोलली नाही, ते जास्त लागलं. त्यानंतर नवा तवा आणला. तो वळणावर आणताना मी बऱ्याच चुका केल्या, आणि हळूहळू लक्षात आलं की बिडाचं सगळं तंत्र तेलाच्या अगदी पातळ थरात आहे. हा लेख त्या थराबद्दलच आहे. बाकीचं त्याच्या अनुषंगानं येईल.

आधी बीड म्हणजे काय

दुकानात 'लोखंडी तवा' मागितला की दोन वेगळ्या वस्तू समोर येतात. एक पत्र्याचा, ठोकून किंवा दाबून केलेला, हलका. दुसरा बिडाचा, म्हणजे वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतून केलेला, जाड आणि जड. बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो, पत्र्यात त्याच्या कितीतरी पट कमी. कार्बनमुळे बीड कमी तापमानाला, सुमारे १२०० अंश सेल्सिअसला वितळतं आणि साच्यात नीट भरतं. पण तोच कार्बन आत ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. धातूच्या दृष्टीनं ते पापुद्रे म्हणजे आतल्या आत असलेल्या बारीक फटीच. म्हणून पत्र्याचा तवा पडला तर वाकतो, बिडाचा पडला तर फुटतो. एकदम तापवला किंवा एकदम गार केला तरी तडकतो. माझ्या हातून झालं ते हेच.

दुसरी गोष्ट, बिडात उष्णता हळू पसरते. अॅल्युमिनियमच्या तुलनेत साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शानं. त्यामुळे गॅसच्या ज्योतीवरचा भाग लाल व्हायला आला तरी काठ कोमटच असतो. 'बीड सगळीकडे सारखं तापतं' असं सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही. ते सारखं तापतं ते वेळ दिला तर. मात्र वजन भरपूर असल्यामुळे एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं. गार पिठाचा डाव ओतला किंवा मूठभर वांग्याच्या फोडी टाकल्या तरी तवा 'बसत' नाही, म्हणजे एकदम गार पडत नाही. धिरड्याला जाळी पडते ती यामुळे.

कशासाठी हवंय ते ठरवा

पहिलंच भांडं घेत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: कढई घ्या, तवा नंतर. कढईत तळण होतं, तळणात तेल असतं, आणि तेलानं बीड आपोआप मुरत जातं. आमच्याकडे हिवाळ्यात सांबार स्वस्त झाला की सांबारवडीचे घाणे निघतात. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: आम्ही सांबार म्हणतो ती तुमची कोथिंबीर.) दोन-तीन वेळा वड्या तळल्या की नव्या कढईचं काम निम्मं झालं समजा. पाटोडीचं बेसन शिजवायला, झुणका कोरडा करायला, सावजी पद्धतीचा मसाला सावकाश भाजायला बिडाच्या कढईसारखं भांडं नाही. खसखस, खोबरं, धणे मंद आचेवर एकसारखे भाजले जातात, जळत नाहीत.

तव्याचं जरा वेगळं आहे. धिरडी, डोसे, थालीपीठ यासाठी सपाट बिडाचा तवा उत्तम. भाकरीसाठीही चांगला, किंचित खोलगट असेल तर अजून चांगला. पण रोजच्या पोळ्यांसाठी मी पत्र्याचाच तवा वापरतो. पोळीला आच कमी-जास्त करावी लागते, आणि बिडाचा तवा आच कमी केल्यावर पाच मिनिटांनी ऐकतो.

वजनाचा विचार टाळू नका. दहा इंची बिडाचं भांडं दोन-अडीच किलो सहज भरतं. ज्यांच्या मनगटात दुखणं आहे त्यांच्यासाठी दोन कानांची कढई घ्या, लांब दांड्याचं भांडं नको. दुकानात रिकामं उचलून बघा आणि त्यात दीड किलो भाजी आहे असं समजून पुन्हा उचला.

दुकानात काय तपासायचं

इतवारीत किंवा महालात भांड्यांच्या दुकानात जाऊन हातात घेऊन निवडणं मला जास्त भरवशाचं वाटतं. ऑनलाइन मागवलं तर वाटेत आदळून तडा गेलेला असू शकतो, म्हणून खोकं उघडताच खालच्या सगळ्या तपासण्या करा.

भांडं एका बोटावर किंवा दोरीनं अधांतरी धरा आणि लाकडी काडीनं हलकेच वाजवा. पितळेसारखा घंटानाद बिडातून येत नाही, ग्राफाइट तो गिळतं. पण आवाज सलग, थोडा घुमणारा हवा. भद्द किंवा खरखरीत आला तर आत भेग आहे, कितीही स्वस्त असला तरी ठेवून द्या.

मग काउंटरच्या काचेवर तवा ठेवून दोन्ही काठ आळीपाळीनं दाबा. डुगडुगत असेल तर इंडक्शनवर किंवा काचेच्या शेगडीवर तो कधीच नीट तापणार नाही. इंडक्शनवर बीड चालतं, फक्त तळ सपाट हवा आणि सुरुवात सगळ्यात कमी पॉवरनं करायची.

आतून हात फिरवा. वाळूच्या साच्यातला बारीक खरखरीतपणा चालतो, तेलाच्या थरांनी तो भरत जातो. पण नखाला अडकणारे खड्डे, टोकदार उंचवटे, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ काठ, हे नको. दांडा किंवा कान भांड्याबरोबरच ओतलेले असावेत. रिव्हेट मारलेला दांडा कालांतराने ढिला होतो आणि त्या फटीत पाणी साचून गंज धरतो.

शेवटी रंग. काळाकुळकुळीत, चकचकीत दिसणारा तवा पाहून भुलू नका. पांढऱ्या रुमालाला थोडं तेल लावून घासून बघा. जरासा करडा-तपकिरी डाग आला तर ते लोखंड आणि काजळी, काळजी नाही. काळा रंग पापुद्र्यासारखा निघत असेल किंवा रंगाचा वास येत असेल तर तो घेऊ नका. मला करड्या रंगाचं, काही न लावलेलं बीड पसंत आहे. काय आहे ते डोळ्यांना दिसतं.

भंगारवाल्याकडे जुनं बीड मिळतं आणि कधीकधी ते नव्यापेक्षा गुळगुळीत असतं. पण ते आधी कुठे वापरलं होतं हे ठाऊक नसेल तर स्वयंपाकाला घेऊ नका. अशा कढयांमध्ये शिसं वितळवलेलं असू शकतं, आणि शिसं घासून जात नाही.

पहिली धुणी

नव्या भांड्याला गंज लागू नये म्हणून तेल किंवा मेण लावलेलं असतं. ते गरम पाणी, साबण आणि काथ्यानं दोन-तीनदा घासून काढा. होय, साबणानं. साबण लावू नये हा नियम जुन्या काळच्या कॉस्टिक सोड्याच्या तिखट साबणासाठी होता. आजचा भांड्यांचा साबण सौम्य आहे, मुरलेल्या थराला त्यानं काही होत नाही.

अनेक घरांत नवी कढई रात्रभर भाताच्या पेजेत किंवा तांदळाच्या धुवणात ठेवतात. काही तास ठेवून घासलं तर वाळू-माती सुटते. रात्रभर मात्र नको, सकाळी नारिंगी गंज दिसतो.

धुतल्यावर लगेच फडक्यानं पुसा आणि मंद आचेवर ठेवा. बिडाच्या खरखरीत पृष्ठभागात पाणी अडकून राहतं, नुसतं पुसून ते जात नाही. हात जवळ धरल्यावर कोरडी धग जाणवली की मग तेल.

मुरवणं

तेल तापलं की पातळ असतानाच त्याचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीनं एकमेकांत गुंफले जातात आणि कडक, काळसर, प्लास्टिकसारखा थर तयार होतो. हाच तो थर. तो लोखंडाला चिकटतो, पाणी आत जाऊ देत नाही आणि अन्न चिकटू देत नाही. पत्र्याच्या जुन्या तव्याचा काळेपणा आणि जुन्या दाराला जवसाचं तेल लावल्यावर येणारी चमक, दोन्हींमागे हीच रासायनिक क्रिया आहे.

कोणतं तेल? ज्या तेलाचं आयोडीन मूल्य (तेल किती असंतृप्त आहे याचं माप) जास्त, ते लवकर वाळून थर धरतं. जवसाचं १७० च्या वर, करडईचं साधारण १४०, सोयाबीन आणि सूर्यफुलाचं १२० ते १४०, शेंगदाण्याचं ८५ ते १००, खोबरेल १० च्या आसपास. खोबरेल या कामाला निरुपयोगी आहे.

आता जवसाबद्दल थोडं सविस्तर, कारण विदर्भात जवस घरचं पीक आहे आणि मलाही पहिल्यांदा वाटलं होतं की यापेक्षा उत्तम काय असणार. मी घाण्याचं जवसाचं तेल आणून सहा थर दिले. तवा आरशासारखा चमकला. दोन महिन्यांत पोपडे सुटायला लागले, आणि ते धिरड्यात दिसू लागले. जवसाचा थर फार कडक असतो, तव्याच्या फुगण्या-आकसण्याबरोबर तो वाकत नाही. ज्यांना जमतं त्यांचं कौतुक आहे, पण रोजच्या स्वयंपाकघरात सोयाबीन किंवा करडईचं तेल घ्या. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची: हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं 'डबल बॉइल्ड' जवसाचं तेल लाकडासाठी असतं. ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची संयुगं मिसळलेली असतात. ते तव्याच्या जवळही आणू नका.

कृती अशी. तवा हाताला सोसेल इतका गरम करा. अर्धा चमचा तेल टाका आणि जुन्या सुती फडक्यानं आत, बाहेर, तळाला, दांड्याला, सगळीकडे चोळा. मग दुसरं कोरडं फडकं घ्या आणि तेल चुकून सांडलंय, ते पुसून टाकायचंय, अशा भावनेनं सगळं पुसून काढा. तवा कोरडाच वाटला पाहिजे. इथेच बहुतेकांची चूक होते. तेल डोळ्यांना ओलं दिसत असेल तर ते जास्त आहे. त्याचे थेंब जमतात, अर्धवट भाजतात आणि तवा चिकट होतो, बोटं चिकटतील इतका.

ओटीजीत (विजेवरच्या छोट्या ओव्हनमध्ये) मावत असेल तर तवा पालथा ठेवा, खाली एक ताटली ठेवा, २३० अंशांवर तासभर, आणि आतच गार होऊ द्या. मावत नसेल तर गॅसवर. मध्यम-मंद आच ठेवा आणि दर दोन-तीन मिनिटांनी तवा सरकवून काठ ज्योतीवर आणा, नाहीतर मध्यभाग मुरेल आणि काठ कोरा राहील. हलका धूर निघेल. धूर कमी होत थांबला की तो थर झाला. एका थराला पंधरा-वीस मिनिटं. गार झाला की पुन्हा तेच. तीन थर पुरेत, पाच झाले तर उत्तम. एकाच दिवशी सगळे द्यायची गरज नाही.

खिडक्या सताड उघडा, एक्झॉस्ट लावा. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा असं मी सगळ्यांना सांगतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे असताना तासभर शेगडीपुढे उभं राहायची शिक्षा कशाला घ्यायची? ज्यांच्याकडे अंगणात चूल आहे त्यांनी चुलीवरच करा. जाळ सगळ्या बाजूंनी लागतो, काठही एकदमच मुरतात.

पहिला महिना

तीन थरांनंतर तवा तपकिरी दिसेल, काळा नाही. घाबरू नका. आता स्वयंपाकानं तो मुरवायचा आहे. सगळ्यात आधी मोठा चमचाभर तेलात दोन कांदे काळपट होईपर्यंत परता आणि टाकून द्या. मग भजी, पुऱ्या, सांबारवडी, फोडणीची पोळी, बटाट्याच्या काचऱ्या. धिरडं आणि अंडं महिनाभर थांबू दे.

या काळात टोमॅटो, चिंच, अंबाडीची भाजी, कढी बिडात करू नका. आंबट पदार्थ कोवळा थर विरघळवतो आणि जिभेला लोखंडी चव लागते. पुढे तवा पक्का मुरल्यावर शेवटी लिंबू पिळणं चालतं, पण अंबाडी उकळत ठेवणं कधीच नाही. आंबटासाठी स्टीलचा गंज (आम्ही पातेल्याला गंज म्हणतो) आहे, किंवा परवडत असेल तर इनॅमलचा लेप असलेलं बीड. वांगं बिडात काळं पडतं, त्यातली द्रव्यं लोखंडाशी जुळतात म्हणून. चवीला काही होत नाही, पण पाहुण्यांना वाढायची असेल तर वेगळं भांडं घ्या. आणि कोणतीही भाजी बिडात रात्रभर ठेवू नका.

स्वयंपाक सुरू करताना तवा रिकामा, मंद आचेवर चार-पाच मिनिटं तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला की तो नुसता उकळून न जाता नाचला पाहिजे. मग तेल, मग पदार्थ. पदार्थ चिकटला तर ओढू नका. खाली कवच धरलं की तो आपणहून सुटतो. सराटा लाकडी असो की लोखंडी, चालतो, फक्त टोकानं खरवडू नका.

रोजची निगा

भांडं कोमट असतानाच गरम पाणी आणि काथ्यानं घासा. काही चिकटलं असेल तर जाडं मीठ टाकून फडक्यानं चोळा. तरी निघत नसेल तर पाणी घालून दोन मिनिटं उकळा. तारेची घासणी गंज काढतानाच वापरायची.

माझ्या अनुभवात बिडाचा खरा घात सिंकमध्ये होतो. रात्रीच्या उष्ट्या भांड्यांच्या ढिगात तवा पाण्यात पडून राहतो आणि सकाळी भांडी घासायला येणाऱ्या ताईंना तो राखाडी-नारिंगी दिसतो. त्या मग तारेनं लख्ख पांढरा घासून ठेवतात, मोठ्या मायेनं. त्यांचा दोष नाही, आपण सांगितलेलं नसतं. बिडाची भांडी ढिगात टाकूच नका, जेवण झाल्याबरोबर पाच मिनिटांत स्वतः धुऊन टाका. आमच्याकडे ओट्याच्या कोपऱ्यात त्यांची वेगळी जागा आहे आणि ताईंना एकदा धिरडं करून दाखवलं होतं, तेव्हापासून त्याच दुसऱ्यांना सांगतात.

धुतल्यावर पुसा, एक-दोन मिनिटं आचेवर कोरडं करा, दोन थेंब तेल चोळून पुसून काढा. झालं.

पावसाळ्यात गंज धरतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. नागपुरात मात्र उन्हाळाही तितकाच दगाबाज आहे, कारण कूलर. कूलरची ओली हवा स्वयंपाकघरात येत असेल तर मे महिन्यातही तव्यावर ठिपके दिसतात. भांडी त्या झोतात टांगू नका. एकात एक ठेवायची असतील तर मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवा, झाकण घट्ट लावू नका. सुट्टीत गावाला जाताना जास्त तेल चोपडून ठेवायचा मोह होतो, पण महिनाभरात ते खवट आणि चिकट होतं. नेहमीइतकंच तेल, पुसून, कोरड्या कपाटात.

लोह आणि तब्येत

बिडात शिजवलेल्या अन्नात लोह उतरतं, आंबट आणि ओलं असेल तर जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे ही जमेची बाजू आहे. तरी तवा म्हणजे औषध नव्हे, गोळ्या चालू असतील तर त्या बंद करू नका. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. ज्यांना सिकलसेल किंवा थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्या शरीरात लोह आधीच साठत असतं. अशा घरी बिडाची भांडी वापरण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.

बिघडलं तर

तवा चिकट झाला असेल तर तेल जास्त झालं आहे. साबणानं धुऊन, कोरडा करून, नवं तेल न लावता पुन्हा तापवा. पोपडे सुटत असतील तर तो भाग जाड्या मिठानं आणि काथ्यानं घासून गुळगुळीत करा आणि दोन पातळ थर द्या. मध्यभागी फिकट, करडा डाग पडला असेल तर बहुधा काहीतरी आंबट शिजलं आहे. दोन-तीन तळणांत तो भरून येतो.

गंज वरवरचा असेल तर तेल आणि मिठानं निघतो. पूर्ण भांडं गंजलं असेल, आजोळच्या माळ्यावरून काढलेल्या कढईसारखं, तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात बुडवा. दर दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर काढून तारेनं घासून बघा. तासाच्या वर ठेवू नका, गंज संपला की आम्ल लोखंड खायला लागतं. मग साबणानं धुवा, ताबडतोब आचेवर वाळवा, कारण उघडं बीड डोळ्यांदेखत नारिंगी होतं, आणि पहिल्यापासून मुरवा. गेल्या डिसेंबरात मावशीकडची अशी एक कढई मी तीन दिवसांत वापरात आणली. चौथ्या दिवशी तिच्यात पुऱ्या तळल्या.

तडा गेलेल्या बिडाला मात्र इलाज नाही. वेल्डिंगचा जोड स्वयंपाकाच्या उष्णतेत सहसा टिकत नाही, आणि गरम तेलाची कढई दुभंगली तर जीवावर बेततं. भेग काठापाशी बोटभरच असली तरी ती दर तापण्याबरोबर पुढे सरकते. असं भांडं शेगडीवरून कायमचं उतरवा. आजीचा तवा मी टाकला नाही, तो अंगणात पाखरांसाठी दाणे ठेवायला वापरतो.